‘ठेवू नका’चं ‘ठेवून का’ : एका रीलच्या कॅप्शनचं प्रकरण

रात्री साडेदहाला मॅडमचा निरोप आला. सोबत एका प्रेक्षक बाईंनी त्यांना लिहिलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट होता. "तुमच्या व्हिडिओत गुडघ्याखाली उशी ठेवा असं लिहिलंय. मला ऑपरेशननंतर ठेवू नका म्हणून बजावलं होतं. मला ऐकू येत नाही, मी वाचूनच व्हिडिओ बघते. नक्की काय करायचं?" त्याखाली मॅडमची एकच ओळ होती : "अगं, मी असं म्हटलेलंच नाही."

मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी त्या व्यायामाचे छोटे व्हिडिओ करतात. एडिटिंग आणि कॅप्शन माझ्याकडे. कॅप्शनचा पहिला मसुदा यंत्र आवाज ऐकून आपोआप लिहितं, मी तो तपासते. कॅप्शन म्हणजे इथे पोस्टखाली लिहितात तो मजकूर नव्हे, बोलणं चालू असताना पडद्यावर उमटणारी अक्षरं. हा व्हिडिओ उभा होता, ६८ सेकंदांचा, आणि २१व्या सेकंदाला त्यात मॅडम म्हणतात :

"आणि उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली ठेवू नका. रात्री झोपतानासुद्धा नाही."

हे वाक्य का महत्त्वाचं, ते आधी सांगते. दुखरा गुडघा थोडा वाकलेला असला की बरं वाटतं, म्हणून माणूस साहजिकच त्याच्याखाली उशी सरकवतो. पण तासन्‌तास तसाच राहिला तर गुडघ्यामागचा भाग आखडत जातो आणि पाय पूर्ण सरळ होणं अवघड होऊन बसतं. उशी टाचेखाली घेतली की गुडघ्याच्या मागे पोकळी राहते आणि पायाच्या वजनानेच गुडघा हळूहळू सरळ होतो. उशी तीच, फरक दोन वीत जागेचा, परिणाम मात्र उलटा.

मी फोनचा आवाज बंद केला आणि व्हिडिओ लावला. एकामागून एक हे चार तुकडे आले :

आणि उशी टाचेखाली
ठेवा गुडघ्याखाली ठेवून
का रात्री झोपतानासुद्धा
नाही आता पाय

प्रत्येक तुकडा सव्वा-दीड सेकंद टिकत होता. दुसऱ्यात ‘गुडघ्याखाली’ हा शब्द पिवळा आणि इतरांपेक्षा मोठा होता, कारण टेम्प्लेट, म्हणजे कॅप्शन कशा दिसाव्यात याचा तयार साचा, प्रत्येक तुकड्यातला सर्वांत लांब शब्द आपोआप उठावदार करत होतं. आणि नेमक्या त्याच क्षणी, चूक कशी होते ते दाखवायला मॅडमनी उशी उचलून गुडघ्याखाली धरली होती. अक्षरं, रंग आणि चित्र, तिन्ही एकच सांगत होती : ठेवा, गुडघ्याखाली. त्या बाईंनी काहीच चुकीचं वाचलं नव्हतं.

हा व्हिडिओ टाकण्याआधी मी तपासला होता, दोनदा. पण दोन्ही वेळा आवाज चालू ठेवून. कानात मॅडमचा स्पष्ट आवाज असला की डोळे फक्त हजेरी लावतात. कानाने ऐकलेलंच समोर लिहिलंय असं वाटत राहतं. कॅप्शन ज्यांच्यासाठी असतात त्यांच्या जागी बसून मी ते एकदाही पाहिले नव्हते.

त्या रात्री सगळ्यात आधी मॅडमनी बाईंना उत्तर दिलं, "तुम्हाला सांगितलंय तेच बरोबर, आमच्या लिहिण्यात चूक झाली." मग आम्ही व्हिडिओ उतरवला.

दोन मिनिटांची दुरुस्ती

सुरुवातीला मला हे शुद्धलेखनाचं प्रकरण वाटलं. ‘ठेवून का’ खोडून ‘ठेवू नका’ लिहिलं, पुन्हा एक्सपोर्ट केलं, आवाज बंद करून पाहिलं. आता तुकडे असे होते :

आणि उशी टाचेखाली
ठेवा गुडघ्याखाली ठेवू
नका रात्री झोपतानासुद्धा
नाही आता पाय

एकही शब्द चुकीचा नाही. तरीही दीड सेकंद पडद्यावर ‘ठेवा गुडघ्याखाली ठेवू’ एवढंच, आणि ‘नका’ पुढच्या तुकड्यात ‘रात्री’ला चिकटलेला. पापणी लवली, कोणी हाक मारली, किंवा अंगठा स्क्रीनवर सरकला, तर तो ‘नका’ हुकतो. आणि जो वाचतो त्यालाही तो नेमका कशाचा हे कळायला मागे जावं लागतं. तोवर तिसरा तुकडा निघून गेलेला असतो.

या प्रकरणात मला खरं काही सापडलं असेल तर ते इथे. तीन-तीन शब्द उडवत दाखवणारी ही टेम्प्लेट इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून घडलेली आहेत. इंग्रजीत मनाई वाक्याच्या तोंडाशीच येते. आधी ‘नको’ अशा अर्थाचा शब्द, मग क्रियापद, मग वस्तू. तिथे वाक्य कुठेही तोडलं तरी पहिल्या तुकड्यात धोक्याची खूण येऊन गेलेली असते. मराठीत क्रियापद शेवटी आणि त्याच्याही मागे ‘नका’, ‘नाही’, ‘नये’. वाक्याचा अख्खा अर्थ शेवटच्या दोन अक्षरांवर फिरतो. असं वाक्य शब्द मोजून कापलं, की मनाई पुढच्या तुकड्यात पडते आणि मागे उरते आज्ञा. साध्या गप्पांच्या व्हिडिओत याने फारसं बिघडत नाही. व्यायाम, औषध, वीज, गाडी, कुठल्याही सूचनेत बिघडतं.

म्हणून मराठी कॅप्शन शब्द मोजून कापायचे नाहीत. अर्थ जिथे पुरा होतो तिथे कापायचे. आणि ‘ठेवू नका’, ‘वाकवू नका’, ‘लावू नये’ या जोड्या कधीच, कुठल्याही कारणासाठी फोडायच्या नाहीत. तुकड्यातही नाही आणि एकाच तुकड्यातल्या दोन ओळींमध्येही नाही.

यंत्राचं का चुकतं

‘ठेवू नका’ आणि ‘ठेवून का’ एकदा मोठ्याने म्हणून पाहा. बोलताना आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही. आवाज सलग वाहतो. ठे-वू-न-का. जागा कुठे टाकायची हे यंत्राला संदर्भावरून ठरवावं लागतं आणि तो संदर्भ त्याने किती मराठी ऐकलंय यावर अवलंबून असतो. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे आवाजाचं लेखन करणारं मॉडेल खुलं केलं, तेव्हा ते ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलं होतं. त्यातले इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांचे तास मिळून १,१७,००० होते. त्या ९६ वाटेकऱ्यांत मराठी एक. यंत्राला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाहीये. मराठी मसुदा इंग्रजीपेक्षा जास्त काळजीने का वाचायचा, हे त्या आकड्यांवरून कळतं.

तपासणीची सोपी युक्ती त्यातूनच निघाली. तुकडे पाडण्याआधी कॅप्शनच्या फाइलमध्ये ‘न का’ ही अक्षरं मधल्या जागेसकट शोधायची. ‘करून का’, ‘वाकवून का’, ‘उचलून का’, ‘दाबून का’ असं काही सापडलं की थांबून आवाज ऐकायचा. दुसरी जोडी ‘न ये’ : ‘ठेवू नये’चं ‘ठेवून ये’ व्हायला वेळ लागत नाही. या शोधाला एका फाइलमागे अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

बाकीच्या चुका तुलनेने निरुपद्रवी होत्या. ‘मांडीचा स्नायू’चा ‘माझीच स्नायू’ झाला होता. वाचणारा गोंधळतो, पण उलटं करत नाही. मोजताना सगळ्या चुका सारख्याच धरतात : किती शब्द बदलले, गळले, घुसले, त्याला एकूण शब्दांनी भागायचं. या व्हिडिओत १४२ शब्द होते. त्यातले दोन-चार चुकले तर हिशोबाने मसुदा उत्तमच म्हणायचा. त्या उत्तम मसुद्याने एका बाईंना चुकीची सूचना दिली. म्हणून मी आता टक्केवारी बघत नाही. आधी मनाईची वाक्यं बघते, मग आकडे, मग डावं-उजवं, मग बाकीचं.

नवा साचा

त्या वाक्याचे आता तीन तुकडे आहेत :

उशी टाचेखाली ठेवा.
✕ गुडघ्याखाली ठेवू नका.
✕ रात्री झोपतानासुद्धा नाही.

पूर्णविराम परत आले. जुन्या टेम्प्लेटमध्ये विरामचिन्हं काढून टाकायची सोय चालू होती, दिसायला स्वच्छ वाटतं म्हणून. पण आवाज बंद असताना वाक्य कुठे संपलं हे सांगणारी तेवढी एकच खूण असते. सुरुवातीचा ‘आणि’ मी काढला. त्याने अर्थाला धक्का लागत नाही. ‘म्हणजे’, ‘बघा हं’ यांसारखे शब्दही, ते फक्त श्वास घ्यायला आलेले असतील तर, काढते. मात्र मॅडमच्या शब्दाऐवजी माझा शब्द घालत नाही. त्या ‘करायचंय’ म्हणतात तर ‘करायचंय’च, ‘करायचे आहे’ असं पुस्तकी करत नाही. ओठ वाचणारे प्रेक्षक असतात, आणि ओठ एक म्हणतात, अक्षरं दुसरंच, हे त्यांना लगेच खुपतं.

फुलीची कल्पना मॅडमची. त्यांचं म्हणणं, मराठीत ‘नका’ शेवटी येणार हे आपण बदलू शकत नाही, पण डोळ्याला आधी सांगू तर शकतो. म्हणून मनाईच्या तुकड्याच्या तोंडाशी लाल फुली. नुसता लाल रंग करून भागवायचं नाही हे मी धरून बसले. लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी रंगाची खूण ही खूणच नव्हे. अपंग व्यक्तींनाही वेब वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांतही हे आहे : माहिती केवळ रंगातून सांगू नये. चिन्ह, शब्द आणि रंग, तिन्ही हवेत. तीच फुली आम्ही चित्रातल्या गुडघ्याखालच्या उशीवरही काढली.

तुकडे किती वेळ टिकावेत यावर आमचं बरंच बोलणं झालं. नेटफ्लिक्सच्या सबटायटलच्या नियमांत एक तुकडा कमीत कमी सेकंदाच्या ५/६ भागाइतका आणि जास्तीत जास्त ७ सेकंद दाखवावा, ओळी दोनच असाव्यात, असं आहे. बीबीसी मिनिटाला १६० ते १८० शब्दांचा वेग सुचवते. मॅडम या व्हिडिओत मिनिटाला साधारण १२५ शब्द बोलतात, म्हणजे कागदावर सगळं आरामात बसतं. पण बीबीसीचे शब्द इंग्रजी आहेत. ‘गुडघ्याखाली’ हा आपला एक शब्द तिथे तीन शब्दांत जातो. तेव्हा शब्दांचा तो आकडा मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही.

अक्षरांचा हिशोबही फसवा आहे. ‘गुडघ्याखाली’ वाचताना आपल्याला पाच अक्षरं दिसतात : गु, ड, घ्या, खा, ली. सॉफ्टवेअर मात्र अकरा मोजतं, कारण त्याच्यासाठी उकार, काना, वेलांटी आणि घ-य जोडणारा हलन्त हेही प्रत्येकी एक चिन्ह. त्यामुळे ओळीला ४२ चिन्हांची मर्यादा घातली, की ते कुठेतरी भलत्याच जागी ‘ओळ लांब झाली’ म्हणून तक्रार करतं आणि आपोआप तोडायचं ठरवलं असेल तर तोडून मोकळं होतं. मी आता आकड्यावर विसंबत नाही. तुकडा मनात एकदा सावकाश वाचते आणि संपल्यावर थोडा अवकाश उरला तर तो ठेवते. नव्या तीन तुकड्यांना मिळून ५.८ सेकंद मिळाले. बोलणं ५.२ सेकंदांचं होतं. पुढचं वाक्य सुरू होण्याआधी मॅडम थांबतात, तो साधारण अर्धा सेकंद शेवटच्या तुकड्याने घेतला. बोलणं संपल्यावर कॅप्शन क्षणभर रेंगाळली तर खटकत नाही. आधी आली तर खटकते.

दिसण्याचं काय

मॅडमना एक भीती होती आणि ती रास्त होती : शब्द उड्या मारत आले नाहीत तर लोक दोन सेकंदांत पुढे सरकतील. मीही हे टेम्प्लेट त्यासाठीच निवडलं होतं. शेवटी आम्ही मधला मार्ग घेतला. पूर्ण वाक्य एकदम येतं, आणि बोलला जाणारा शब्द त्यातल्या त्यात उजळतो. डोळा खिळून राहतो, पण वाक्याचा शेवट आधीपासून समोर असतो. मनाईच्या तुकड्यांत तेही नाही. ते नुसते येतात, स्थिर राहतात आणि जातात. तिथे उठाव द्यायचा तर ‘ठेवू नका’ या अख्ख्या जोडीला, नुसत्या ‘गुडघ्याखाली’ला नाही.

अक्षर-अक्षर टाइप होत येणारा परिणाम देवनागरीसाठी मी पूर्ण बंद केला. ‘स्थिर’ हा शब्द त्यात कसा येतो ते एकदा सावकाश पाहा. आधी ‘स’, मग पाय मोडलेला ‘स्’, मग ‘स्थ’, आणि मग ऱ्हस्व वेलांटी अचानक उलटी धावत मागे, त्या जोडाक्षराच्या डाव्या बाजूला जाऊन बसते. लिहिण्याच्या क्रमात ती नंतर येते, दिसण्याच्या क्रमात आधी. शब्द उभा राहीपर्यंत वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चार वेगळे शब्द होऊन गेलेले असतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा पर्यायही तसाच. रोमन अक्षरांना तो मोकळेपणा देतो. आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबकळतात. जाड काळी बाह्यरेषा दिली तर काही ॲपमध्ये ती प्रत्येक अक्षराभोवती वेगळी फिरते, त्यामुळे शिरोरेषेवर दर अक्षरागणिक काळी चीर पडते. बाह्यरेषा अक्षराच्या मागे जाते का, हे ॲप निवडतानाच तपासावं. आणि मोठ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्या बाजूला दिसत असेल किंवा जोडाक्षरं सुटी पडत असतील, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. ॲडोबी प्रीमियरच्या काही आवृत्त्यांत ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. ते निवडलं की अक्षरं जुळतात.

फॉन्ट आम्ही ‘मुक्त’ नावाचा घेतला, ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेला, मध्यम जाडीचा. फार जाड वजनात ‘घ’ आणि ‘ध’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्या पोटातली जागा बुजते आणि लहान स्क्रीनवर ती एकसारखी दिसू लागतात. १०८० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत अक्षराचा आकार ६४ ठेवला. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट; टेम्प्लेटमध्ये ते जेमतेम १.१ होतं आणि वरच्या ओळीतल्या ‘स्नायू’चा दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या ‘सर्व’च्या रफारात घुसत होता. देवनागरी वरही वाढते आणि खालीही. तिला दोन्हीकडे जागा लागते.

रंगाची गोष्ट मला आधीच दिसायला हवी होती. मॅडमच्या मागची भिंत पांढरी आहे आणि उठावाचा शब्द पिवळा. शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्यावरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, अवघा १.०७ ला १ आहे. डब्ल्यूसीएजी साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ ला १ मागते. काळ्या कडेमुळे शब्द कसाबसा वाचता येत होता. आता अक्षरांमागे काळी पट्टी आहे, ८० टक्के गडद. तिच्यावर तोच पिवळा अकराच्या वर जातो आणि पांढरा बाराच्या वर. भिंत कुठलीही असो, वाचता येतं.

जागेचा प्रश्न व्यायामाच्या व्हिडिओत फार बोचरा असतो. कॅप्शन खाली लावायची सवय सगळ्यांनाच आहे, पण मॅडम चटईवर पडलेल्या असतात आणि पाय चौकटीच्या खालच्या अर्ध्यात असतात. जुन्या कॅप्शनने टाच झाकली होती. ज्या टाचेखाली उशी ठेवायची, तीच दिसत नव्हती. त्यात उभ्या व्हिडिओवर खाली खात्याचं नाव, पोस्टचा मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात. इन्स्टाग्रामची कंपनी मेटा रील्सच्या जाहिरातींसाठी वरचा साधारण १४ टक्के, खालचा ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचा प्रत्येकी ६ टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवायला सांगते. १९२० उंचीच्या चौकटीत त्याचा अर्थ वर सुमारे २७० आणि खाली ६७० सोडायचे. आम्ही कॅप्शन वर नेल्या, २७०च्या किंचित खाली, जिथे मागे फक्त भिंत आहे. मॅडमना दोन दिवस ते विचित्र वाटलं. मग त्यांनीच सांगितलं की आता पाय दिसतात.

‘टिंग’

सगळं झाल्यावर मी त्या बाईंनाच विचारावं असं सुचवलं. त्या आनंदाने तयार झाल्या. नवा व्हिडिओ पाहून त्यांनी उशीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच. "पाय उचलून धरा म्हणता, मग खाली कधी आणायचा? तुम्ही एकदम खाली आणता, मला कळतच नाही."

पाय पाच सेकंद वर धरायचा असतो. मॅडम त्या वेळी काही बोलत नाहीत. पाच सेकंद झाले की टायमरचा ‘टिंग’ वाजतो. मला तो इतका सवयीचा की कॅप्शनमध्ये घ्यावा हे डोक्यातही आलं नव्हतं. कोणी बोलत नाही म्हणजे लिहायचं काही नाही, असं मी धरून चालले होते. कॅप्शन आणि सबटायटल यांत फरक करतात तो इथेच : सबटायटल भाषा न कळणाऱ्यासाठी, कॅप्शन आवाज न ऐकू येणाऱ्यासाठी, म्हणून अर्थ असलेला प्रत्येक आवाज तिथे लिहायला हवा. आता त्या जागी ५, ४, ३, २, १ असे आकडे येतात आणि शेवटी ‘टिंग. पाय खाली.’ ऐकू येणारेही त्या आकड्यांवरच व्यायाम करतात, असं मॅडम सांगतात.

यूट्यूबवर आपोआप होणारे कॅप्शन नोव्हेंबर २००९ मध्ये आले, आणि त्या कामामागे गूगलमधले केन हॅरनस्टीन हे अभियंते होते. ते स्वतः बहिरे आहेत. हे मला आधी माहीत होतं, पण त्याचा अर्थ ‘टिंग’च्या दिवशी कळला. काय गळतंय हे ज्याचं गळतं त्यालाच आधी दिसतं. पुढच्या व्हिडिओपासून प्रकाशनाआधी एकदा त्या बाईंची नजर फिरते, आणि त्या कामाचा मोबदला मॅडम त्यांना देतात.

बर्न केलेली की वेगळी फाइल

या प्रकरणात सगळ्यात जास्त त्रास झाला तो दुरुस्त व्हिडिओ परत चढवताना. कॅप्शन चित्रातच बर्न केलेल्या, म्हणजे कायमच्या उमटवलेल्या होत्या, त्यामुळे एक अक्षर बदलायलाही व्हिडिओ उतरवून नवा चढवावा लागला. जुन्या पोस्टखाली लोकांनी विचारलेले प्रश्न आणि मॅडमची सविस्तर उत्तरं तिच्यासोबत गेली. ज्यांनी तो जतन केला होता त्यांच्याकडूनही तो गेला, आणि नवा आलाय हे त्यांना कोण सांगणार?

आता बर्न केलेल्या कॅप्शन फक्त उभ्या रील्ससाठी, कारण तिथे दिसणं आपल्या हातात राहावं लागतं. यूट्यूबवर व्हिडिओ स्वच्छ जातो आणि कॅप्शनची फाइल वेगळी. तिच्यात चूक सापडली तर फक्त फाइल बदलायची. दुवा, उत्तरं, सगळं जागच्या जागी राहतं. प्रेक्षकाला अक्षर मोठं करता येतं, रंग बदलता येतो, नको तर बंद करता येतं. कॅप्शन फाइलच्या दोन प्रकारांपैकी एसआरटी असो वा वेबव्हीटीटी, ती यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करायची, नाहीतर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र खुणा येतात. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच लिहायचे; कीबोर्ड मराठीवर राहिला आणि देवनागरी अंक पडले की फाइल नाकारली जाते आणि कारण पटकन सापडत नाही. सेकंदांनंतर एसआरटीत स्वल्पविराम लागतो, वेबव्हीटीटीत टिंब.

एकाच व्हिडिओवर दोन्ही लावू नयेत. बर्न केलेल्या अक्षरांवर प्लॅटफॉर्मची आपोआप उमटणारी कॅप्शन चढली की दोन्ही वाचता येत नाहीत.

तिघांची तपासणी

नवा व्हिडिओ टाकण्याआधी मी तो न पाहिलेल्या तिघांना दाखवला. आवाज बंद, फोन त्यांच्याच हातात, एकदाच. मग एकच प्रश्न : उशी कुठे ठेवायची? दोघांनी लगेच टाच सांगितली. तिसऱ्या थोड्या अडखळल्या. त्यांचं लक्ष मॅडमच्या हाताकडे गेलं होतं, आणि चित्रातली फुली उशी गुडघ्याखाली गेल्यावर पाऊण सेकंदाने उमटत होती. तेवढ्या वेळात चित्र ‘ठेवा’ म्हणून गेलं होतं. फुली आम्ही उशी हलायच्या आधी आणली.

मॅडमच्या बोलण्यातही बदल झाला, मी न सांगता. पुढच्या चित्रीकरणात त्या मनाईच्या वाक्याआधी थांबल्या, बोटाने ‘नाही’ची खूण केली आणि मग म्हणाल्या, "हे करायचं नाही : पाय झटक्यात खाली सोडायचा नाही." कापायला इतकं सोपं वाक्य मला आजवर मिळालं नव्हतं.

जुने २६ व्हिडिओ मात्र त्याच टेम्प्लेटमधले आहेत. सगळे एकदम उतरवायचे की एकेक तपासून बदलायचे, यावर आम्ही एक संध्याकाळ घालवली. ज्यात ‘नका’, ‘नाही’ किंवा ‘नये’ आहे ते आधी उतरवले. ते १४ निघाले. प्रत्येकाचा मसुदा मी आवाज लावून दुरुस्त करते, नवे तुकडे पाडते आणि मग फोन म्यूट करून पाहते. नऊ परत चढलेत. दहावा जिन्याचा आहे, आणि त्यात चौदाव्या सेकंदाला लिहिलंय : ‘कठडा सोडून का’.